तवसळीला पाय

मी लग्न होऊन मांद्र्याला आले तेव्हा या घराला हवं होतं ते माझं इंग्रजी. हे कुणी लपवलं नाही. पाहायला आलेल्या मंडळींनी स्वयंपाक, शिवण, गाणं यांतलं काहीच विचारलं नाही. नवऱ्याने एकच प्रश्न विचारला, "विदेशी माणसांशी बोलायची लाज वाटणार नाही ना?" मी नाही म्हणाले, आणि ठरलं.

माझं माहेरही गोव्यातलंच, पण आत डोंगराकडच्या लाटंबार्सेचं. आमचं थोडं भात आणि थोडे काजू. खाण चालू असली की वडील ट्रकवर जात, बंद पडली की शेतात. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. इंग्रजी मी वाचलं पुष्कळ आणि बोलले फार थोडं. परीक्षेत वाक्प्रचारांचा एक प्रश्न असायचा. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा. तो मी कधी सोडला नाही. इंग्रजी वाक्प्रचार म्हणजे तेवढेच, असा माझा समज बरीच वर्षं टिकला.

मांद्र्याचं घर समुद्रापासून दहा मिनिटांवर. मागच्या अंगाला तीन खोल्या काढलेल्या, त्या ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत पाहुण्यांना देतो. नवरा टॅक्सी चालवतो. खोल्यांचं आरक्षण, चादरी, तक्रारी आणि बोलणं माझ्याकडे. सकाळचा नाश्ता सासूबाईंकडे. त्यांना इंग्रजीतले चार शब्द येतात: गुड, सॉरी, हॉट आणि फिनिश. तेवढ्यावर त्यांनी कितीतरी देशांची माणसं जेवू घातली आहेत.

त्यांना एक गोष्ट मात्र लागायची. पाहुण्याने पहिला घास घेतला की त्या स्वयंपाकघराच्या दारातून मला विचारायच्या, "ती काय म्हणता गो?" किंवा "तो काय म्हणता?" आणि मी सांगायचं. पाहुणे बहुतेक वेळा 'नाइस' म्हणायचे. 'नाइस' म्हणजे काहीच नाही, हे मला ठाऊक होतं. मी सांगायचे, "आई, फार आवडलं म्हणतात. असं कुठे खाल्लं नाही म्हणतात." त्या मान हलवून आत जायच्या. माझ्या भाषांतरात असं वरचं तूप नेहमीच असायचं. त्यात मला काही चूक वाटत नव्हती.

एक इंग्रज बाई आमच्याकडे दुसऱ्यांदा आली त्या वर्षीची ही गोष्ट. वय सत्तरीच्या पुढे, उंच, एकटीच येणारी. तिकडे तिचं कसलंसं दुकान होतं आणि ते तिने विकलं, एवढंच मला माहीत होतं. सकाळी समुद्रावर चालून यायची आणि बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत बसून आमच्या मांजराशी बोलत नाश्त्याची वाट बघायची. सासूबाईंना ती आवडायची, कारण ती ताट पुसून खायची.

नोव्हेंबर संपत आला होता. पावसाळी मळ्यातली मोठी पिकलेली तवशी, म्हणजे काकड्या, नारळाच्या पातीत बांधून आमच्या माळ्याच्या वाशांना टांगलेली असतात. त्यातलं एक काढून सासूबाईंनी तवसळी केली. तवसं किसायचं, त्यात रवा, गूळ, ओलं खोबरं, वेलची घालायची. टोपाच्या तळाला हळदीचं पान लावायचं आणि खाली-वर निखारे ठेवून हळूहळू भाजायचं. पाहुण्यांना त्यांनी ती त्याआधी कधी दिली नव्हती. ते घरचं खाणं, असं त्या म्हणत. त्या दिवशी काय मनात आलं कोण जाणे, चांगला जाडसर तुकडा कापून स्वतः बाल्कांवात घेऊन गेल्या.

इंग्रज बाईने एक घास खाल्ला. मग दुसरा. मग काटा खाली ठेवला आणि बशी डोळ्यांजवळ नेऊन तुकड्याकडे बघितलं. आत गुळाचे आणि वेलचीच्या सालीचे काळपट ठिपके होते. त्यांतल्या एकाला तिने बोट लावलं. मग माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "धिस हॅज लेग्ज."

मी नुसती उभी राहिले. शब्द तीन, आणि तिन्ही मला पहिल्या यत्तेपासून येत होते.

"काय म्हणता गो ती?" सासूबाई दारातच होत्या.

त्यांनी पुन्हा विचारलं. इंग्रज माणसं तक्रार करतानाही हसतात, हे मला एव्हाना अनुभवाने माहीत होतं. गिझर बंद पडला तेव्हाही ही बाई हसतच सांगायला आली होती. बोट लावलेला तो ठिपका माझ्यासमोर होता. मला कळलं नाही, असं म्हणणं एवढंच खरं होतं. पण ते मी त्या घरात तोवर एकदाही म्हटलं नव्हतं.

"याला पाय आहेत म्हणते," मी म्हणाले.

"पाय? कसले पाय?"

"किड्याबिड्याचे असतील."

हे शेवटचं माझं स्वतःचं होतं. बाईने ते म्हटलं नव्हतं.

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्या पुढे झाल्या, पाहुणीच्या समोरची बशी उचलली आणि "सॉरी" म्हणाल्या. बाई गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी "वन मिनिट" म्हटलं आणि आत जाऊन पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, सकाळी टाकलेले पाव आणि ऑम्लेट घेऊन आले. तिने ते खाल्लं, पण मध्ये मध्ये दाराकडे बघत होती.

मागच्या दारी सासूबाईंनी सगळी तवसळी माडाच्या आळ्यात टाकली होती आणि कोंबड्या तिच्यावर तुटून पडल्या होत्या. त्यांनी रव्याचा डबा सुपात रिकामा केला आणि सूप घेऊन त्या जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात बसल्या. नाक रव्याला लागेल इतकी मान खाली घातलेली. बोटाने रवा इकडून तिकडे सारत होत्या. मीही बघितलं. रवा स्वच्छ होता.

"आई, काही नाही यात."

"आसतले," त्या म्हणाल्या. "माकाच दिसणा नाय."

मग ते सगळं बाहेर आलं, एकेक करून, मी काही न विचारता. दोन वर्षांपासून त्या तांदूळ हाताने चाचपून निवडत होत्या. सुईत दोरा शेजारणीकडून ओवून घेत होत्या. गावातल्या शिबिरात डॉक्टरने मोतीबिंदू सांगितला होता आणि त्यांनी घरी येऊन "डोळे बरे आसत म्हणालो" असं सांगितलं होतं. आम्ही विश्वास ठेवला, कारण चूल कधी चुकली नव्हती. मीठ, तिखट, वाफ सगळं जिथल्या तिथे होतं.

"परक्या माणसाक किडे घातलंय मी," त्या म्हणाल्या आणि सूप बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाहुण्यांसाठी काही केलं नाही. चुलीकडे त्या फक्त आमच्यासाठी जात, आणि तेही मी बाजूला उभी असेन तर. बाल्कांवात जाणं बंद केलं. माझ्या पाव-ऑम्लेटवर तिन्ही खोल्यांचा नाश्ता चालला. तिसऱ्या दिवशी जेवताना त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "माका म्हापशाक घेवन चल. डोळे दाखवक." तो घास हातात धरून बघत राहिला. आई आपणहून डॉक्टरकडे चल म्हणते, हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी करायचं ठरवलं आणि पुढच्या पंधरवड्यातली तारीख दिली.

त्याच आठवड्यात मी बाल्कांवात कपबशा गोळा करत होते, तेव्हा इंग्रज बाईने मला थांबवलं. तिला विचारायला संकोच वाटत होता, ते दिसत होतं. त्या दिवशीचा तो केक पुन्हा मिळेल का, आणि बशी का उचलली, आपलं काही चुकलं का, असं तिने विचारलं.

मी म्हटलं, तुम्हाला त्यात काहीतरी सापडलं ना?

"काहीतरी म्हणजे?"

"पाय," मी म्हणाले. इंग्रजीत ते आणखीच वाईट ऐकू आलं.

तिला क्षणभर काही कळेना. मग कळलं आणि ती हसायला लागली, पण माझं तोंड बघून लगेच थांबली. मला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि लहान मुलीला सांगावं तसं नीट सांगितलं. तिचं दुकान चहा आणि केकचं होतं. आयुष्यभर तिने तेच केलं. दरवर्षी ती चार-सहा नवे प्रकार करून बघायची. काही प्रकारांवर लोकांच्या उड्या पडायच्या आणि सहा महिन्यांत कुणी त्यांचं नावही काढायचं नाही. काही मात्र लोक वर्षानुवर्षं मागत राहायचे, आईचं बघून मुलगी मागायची. असा एखादा पदार्थ पहिल्या घासालाच ओळखता यायचा, आणि मग दुकानातल्या बायका एकमेकींना म्हणायच्या, याला पाय आहेत. म्हणजे हा लांबवर चालत जाणार. बोट तिने लावलं होतं ते तो ठिपका कसला आहे हे कळावं म्हणून. वेलची आहे की दुसरं काही.

"तुझ्या सासूला मी म्हटलेलं सांगशील ना?" ती म्हणाली. "मी ते फारसं कुणाला म्हणत नाही."

मी सांगेन म्हटलं. त्यांना डोळ्याचा त्रास आहे, ऑपरेशन आहे, म्हणून सध्या त्या काही करत नाहीत, असंही सांगितलं. का करत नाहीत, ते सांगितलं नाही.

आणि सासूबाईंना मी काहीच सांगितलं नाही. स्वतःला मी असं समजावलं, की आत्ता सांगितलं तर त्या म्हणतील, रव्यात किडे नव्हते म्हणजे माझे डोळे बरे आहेत, आणि म्हापशाला जाणं रद्द करतील. हे कारण खोटं नव्हतं. त्यांनी नक्की तसंच केलं असतं. पण निम्मं कारण दुसरं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. ज्या एका गोष्टीसाठी मला या घरात आणलं, तीच मी त्यांच्यासमोर चुकले होते. तेवढं तोंडातून बाहेर पडत नव्हतं.

इंग्रज बाई ऑपरेशनच्या आदल्या दिवशी निघाली. तिला पुढे केरळला जायचं होतं. नवऱ्याने सामान गाडीत ठेवलं. ती निरोप घ्यायला स्वयंपाकघराकडे गेली, तेव्हा सासूबाई पाठमोऱ्या बसून नारळ खवत होत्या. त्यांनी वळून बघितलं नाही. "सॉरी," एवढंच म्हणाल्या, आणि खवत राहिल्या. बाईने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. गाडी गेली.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढल्यावर दोन-तीन दिवस सासूबाई घरभर फिरून नुसत्या बघत होत्या. देव्हाऱ्यातल्या मूर्तींच्या कोपऱ्यांत घासताना राहिलेल्या चिंचेचं काळं बसलं होतं, ते त्यांनी ब्रशने काढलं. वाशांवरची कोळिष्टकं मला दाखवली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझे केस पिकले गो." त्यात चेष्टा नव्हती. त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

मग एक दिवस दुपारी त्यांनी फळीच्या मागून एक डबा काढला. तोच रवा होता. मला वाटलं होतं तो कधीच कोंबड्यांना गेला. त्यांनी तो सुपात ओतला, जनेलापाशी बसल्या आणि बघायला लागल्या. या वेळी पाठ ताठ होती. बराच वेळ बघितलं. सगळा रवा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला केला.

"ह्यात कायच नाय," त्या म्हणाल्या. "तेवाही नसतला. मगे ती कसले पाय म्हणाली?"

किडे मेले असतील, उडून गेले असतील, असं काहीतरी मला म्हणता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं. मी त्यांच्या समोर खाली बसले आणि सांगितलं, की चूक माझी झाली. तिने किडे म्हटलंच नव्हतं. त्यांच्यात तशी बोलायची पद्धत आहे, आणि मला ती माहीत नव्हती.

"मगे काय म्हणाली?"

"तुमची तवसळी चालेल म्हणाली. खूप वर्षं चालेल."

"चलतली?" त्यांच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे बरी नाय, पण चलतली. तसांच मा?"

आपल्याकडे 'चालेल' म्हटलं की ते असंच ऐकू येतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी म्हटलं, तसं नव्हे. मग जत्रेतल्या नाटकांचं उदाहरण दिलं, कारण त्या एकही चुकवत नाहीत. एखादं नाटक एकदा होतं, लोक बघतात, विसरतात. एखादं मात्र दरवर्षी कुणी ना कुणी मागतं, पात्रं म्हातारी झाली, बदलली, तरी मागतात. तुमची तवसळी त्या दुसऱ्या नाटकासारखी, असं ती म्हणाली. एका घासात ओळखलं म्हणाली. ती आयुष्यभर हेच विकत होती.

हे त्यांना कळलं. चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि गेलं. मग त्यांनी विचारलं, "ह्या तुका कधी कळला?"

"चार-पाच दिवसांनी."

"ती हय होती तेवा?"

"हो."

मला वाटलं होतं त्या भाषांतरावरून बोलतील, नाहीतर तवसळी फुकट गेली म्हणून. ऑपरेशनचं कारण मी जवळ तयार ठेवलं होतं. पण त्यांनी ते विचारलंच नाही.

"ती निघाली तेवा मी तिच्याकडे पाठ करून बसलंय," त्या म्हणाल्या. "तिणा चांगला म्हटला, आणि मी पाठ केलंय. तू थंय उभी होतंस. तुका ठावक होता."

पुढचे चार दिवस त्या माझ्याशी कामापुरतंही बोलल्या नाहीत. मीठ संपलं तर डबा माझ्यासमोर आणून ठेवायच्या. नवऱ्याने दोन्हीकडे विचारून बघितलं आणि सोडून दिलं. पाचव्या दिवशी सकाळी त्या हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "तिका लिही."

मी लॅपटॉप काढला. त्या शेजारी बसून सांगायच्या आणि मी लिहायचे. त्यांनी डोळ्यांचं सांगितलं, किड्यांचं सांगितलं, आणि पाठ का केली ते सांगितलं. "सुनेक समजला नाय, ताही लिही," असं म्हणाल्या. मी लिहिलं. कळल्यावरही मी सांगितलं नाही, हे त्यांनी लिहायला सांगितलं नव्हतं. ते मी माझं माझं शेवटी घातलं, आणि त्यांना वाचून दाखवताना तेही वाचलं. त्यांनी ऐकलं आणि "धाड" म्हणाल्या. मी पाठवलं.

आठवड्याने उत्तर आलं. तिने रागाचं काहीच लिहिलं नव्हतं. आपल्या भाषेत असं बोलून आपणच घोळ घातला, असं तिने लिहिलं होतं, आणि कृती मागितली होती. कृती लिहायला आम्हाला दोन दुपारी लागल्या. सासूबाईंची मापं म्हणजे 'गोड होईल इतको गूळ' आणि 'हाताक लागना नाय इतपत' अशी. मी प्रत्येक वेळी थांबून विचारायचे, म्हणजे किती, म्हणजे कसं, आणि त्या वैतागून वाटी आणून दाखवायच्या. त्या दोन दुपारींत आम्ही पुन्हा बोलायला लागलो.

पुढच्या हिवाळ्यात ती आली नाही. मुलीकडे जायचं आहे, गुडघाही बरा नाही, असं तिने कळवलं. फोटो मात्र पाठवला. तिकडच्या कुठल्याशा भोपळ्याच्या जातीची तिने ओव्हनमध्ये केलेली तवसळी. सासूबाईंनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, हे त्यांना कुणी शिकवलं मला माहीत नाही, आणि म्हणाल्या, "गूळ कमी घातल्यान. रंग बघ."

आता तवशी पिकली की त्या पाहुण्यांसाठी तवसळी करतात. बशी स्वतः नेतात. पाहुण्याच्या समोर उभ्या राहतात, तो पहिला घास गिळेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघतात आणि विचारतात, "गुड?" तो जे काही म्हणेल ते ऐकून घेतात आणि आत येतात. माझ्याकडे बघत नाहीत. पहिल्या वर्षी सवयीने मी सांगायला जायचे, "आई, ते म्हणतात..." तोवर त्या चुलीपाशी पोचलेल्या असायच्या.

डावा डोळा या मार्चमध्ये केला. नवरा विमानतळाच्या भाड्यावर होता, म्हणून मी बरोबर गेले. औषधाचे थेंब कसे घालायचे ते सांगायला डॉक्टरांनी माझ्याकडे तोंड केलं आणि इंग्रजीत सुरुवात केली. सासूबाई एका डोळ्यावर पट्टी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला.

"माका सांगा," त्या म्हणाल्या. "मराठीत."

डॉक्टरांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. मी पिशवी मांडीवर घेऊन बाजूला बसले.